दहा म्हणजे दहा नव्हे: ग्रुपसेटच्या सरमिसळीचं गणित

समजा, सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा मुडपला. डिरेलर फ्रेमला टांगणारा हँगर वाकला असता तर सरळ करता आला असता किंवा नवा बसवता आला असता; पिंजरा गेला म्हणजे डिरेलर भंगारात. सायकलवर शिमानो १०५ चे जुने १०-स्पीड शिफ्टर, म्हणजे मागच्या दहा चकत्यांसाठीचे गिअर बदलणारे लिव्हर आहेत, ५७०० क्रमांकाचे. खणात तीन डिरेलर पडून आहेत. पहिला टियाग्रा ४७००: त्याच कंपनीचा, रोड सायकलचाच, १०-स्पीडचाच आणि तिघांत सगळ्यात नवा. दुसरा स्रॅमचा, रोडचा, तोही १०-स्पीडचा. तिसरा शिमानोचा, पण माउंटन बाइकचा, ९-स्पीडचा, रंग उडालेला.

कुठला बसवाल?

बहुतेकांचा हात पहिल्याकडे जाईल. कंपनी तीच, प्रकार तोच, आकडाही तोच. पण पहिला चालत नाही, दुसराही चालत नाही, आणि तिसरा असा चालतो की जणू याच सायकलसाठी बनवला होता. हे असं का होतं, एवढं कळलं की सरमिसळीचे निम्मे प्रश्न सुटले.

ग्रुपसेट म्हणजे शिफ्टर, दोन डिरेलर, क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या), कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा), चेन आणि ब्रेक असा एका नावाखाली विकला जाणारा संच. नाव खोक्यावर असतं. आतल्या भागांना ते माहीत नसतं. डिरेलरला ‘मी टियाग्रा आहे’ हे ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की केबल इतकी ओढली गेली की आपण इतकं आत सरकायचं. म्हणून ‘१०५ वर टियाग्रा चालेल का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठला भाग, आणि त्याची गाठ कुठल्या भागाशी पडणार आहे, हे विचारलं तरच बोलता येतं.

आणि सरमिसळ हे काही पाप नव्हे. ती कारखान्यातूनच होऊन येते. जाहिरातीत ‘अल्टेग्रा’ (शिमानोची १०५ च्या वरची मालिका) म्हटलेली सायकल उलटी करून बघा: शिफ्टर आणि मागचा डिरेलर अल्टेग्राचे, म्हणजे नजरेत भरणारे, कॅसेट आणि चेन एक पायरी खालची, क्रँक बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचा. हे बिनबोभाट चालतं, कारण एकाच पिढीतल्या १०५, अल्टेग्रा आणि सगळ्यात वरचा ड्युरा-एस यांची आतली मापं एकच असतात. शिमानोच्या केबलवर चालणाऱ्या ११-स्पीड पिढीत या तिघांचे शिफ्टर आणि मागचे डिरेलर हवे तसे अदलाबदल करा, गिअर बिनतक्रार पडतील. पैसे मोजता ते वजनाचे, बेअरिंगचे आणि चकाकीचे. एका पिढीत वर-खाली फिरणं सोपं. गडबड होते ती पिढी ओलांडताना, आणि त्याहून जास्त कंपनी ओलांडताना.

एका खटक्याचं माप

१९८४ पर्यंत ही कटकट नव्हतीच. तेव्हा गिअरचा दांडा नुसता घर्षणावर थांबायचा. तुम्ही तो सरकवायचा, चेन खरखरली तर आणखी चिमूटभर सरकवायचा, आवाज थांबला की झालं. जुळवणी स्वार करायचा, कानाने. कुठलाही दांडा कुठल्याही डिरेलरबरोबर चालायचा. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस ७४०० बरोबर खटक्याची पद्धत आणली: एक खटका, एक गिअर. सोय प्रचंड झाली, पण तेव्हापासून कानाचं काम मिलिमीटरकडे गेलं आणि मिलिमीटर कुणाची गय करत नाहीत.

उजव्या शिफ्टरमध्ये काय घडतं ते बघा. आत एक छोटी दातेरी फिरकी असते. खटका दाबला की ती एक दात फिरते आणि ठरावीक लांबीची केबल ओढते. केबलचं दुसरं टोक डिरेलरला बांधलेलं. डिरेलर म्हणजे शेवटी एक तरफ: इतकी केबल आली की तो इतका आडवा सरकतो. आणि कॅसेटवर दोन शेजारच्या चकत्यांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, एक ठरलेलं अंतर असतं. तिघांचा हिशेब एका ओळीत मावतो: केबलची ओढ गुणिले डिरेलरचा गुणक (एक मिमी केबलला तो किती मिमी सरकतो) म्हणजे चकत्यांमधलं अंतर. हे जमलं की गिअर पडले.

आता आकडे घालू. शिमानोच्या जुन्या १०-स्पीड रोड शिफ्टरची ओढ दर खटक्याला साधारण २.३ मिमी. त्या काळच्या डिरेलरचा गुणक १.७. गुणाकार ३.९१. आणि १०-स्पीड कॅसेटवरचं अंतर ३.९५ मिमी. चार शतांशाचा फरक पडला, तो डिरेलरची वरची फिरकी, म्हणजे चेन जिच्यावरून जाते ते दातेरी चाक, गिळून टाकते. तिला थोडं आडवं हलण्याची मुभा मुद्दाम ठेवलेली असते.

२०१५ मध्ये टियाग्रा ४७०० आला तेव्हा शिमानोने त्याला ११-स्पीडच्या नव्या पिढीचा गुणक दिला: १.४. यामागे कारण होतं. गुणक कमी म्हणजे शिफ्टरने जास्त केबल ओढायची. केबल जास्त ओढली गेली की तिच्यातला सैलपणा, आवरणातला मळ, हँगरचा किंचित तिरपेपणा या सगळ्यांचा परिणाम त्या मानाने कमी होतो. अभियांत्रिकीच्या अंगाने हा बदल चांगलाच आहे. फक्त खोक्यावर ‘१०-स्पीड’ तेच राहिलं.

तर आपल्या जुन्या शिफ्टरला ४७०० जोडला की २.३ गुणिले १.४, म्हणजे ३.२२. दर खटक्याला ३.९५ हवेत, मिळतात ३.२२. पाऊण मिलिमीटरची खोट. ऐकायला किरकोळ वाटते. पण खोट दर खटक्याला साचत जाते. १० चकत्या म्हणजे नऊ खटके. नवव्या खटक्याला डिरेलर जिथे हवा तिथून साडेसहा मिमी अलीकडे असतो. दीड चकतीहूनही जास्त. मोठ्या चकतीवर तो पोचतच नाही.

इथे माणूस बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू, फिरवत बसतो. मीही बसलो आहे. अर्धा वळसा इकडे, पाव वळसा तिकडे. वरचे तीन गिअर सुरेल झाले की खालचे तीन बिघडतात, खालचे जमवावेत तर वरचे उड्या मारतात. हेच खरं लक्षण. बॅरल फिरवून फूटपट्टी पुढेमागे सरकवता येते, तिच्यावरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही. कॅसेटच्या एका टोकाला सगळं छान आणि दुसऱ्या टोकाला बोंब, असं दिसलं की पाना खाली ठेवा आणि गुणाकार करा. उलट, सगळेच गिअर सारखेच थोडे चुकत असतील तर भाग बरोबर आहेत, फक्त केबल जुळवायची आहे.

स्रॅमच्या रोड डिरेलरचा गुणक १.३, आणि त्यांचे शिफ्टर ओढतात ३.१ मिमीच्या आसपास. दोघं एकत्र असले की ४.०३, उत्तम. आपल्या शिमानो शिफ्टरबरोबर तोच डिरेलर लावला की २.९९. टियाग्राहून वाईट. उलटी जोडी, म्हणजे स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा १.७ वाला डिरेलर, लावली तर ५.२७: डिरेलर प्रत्येक खटक्याला हवी ती चकती ओलांडून पुढे जातो.

आणि तो तिसरा, रंग उडालेला? शिमानोने ९-स्पीडपर्यंत रोड आणि माउंटन दोन्हीकडे जवळपास सगळीकडे एकच गुणक वापरला होता, १.७. डिरेलरला आपण नऊ गिअरचे की दहाचे हे कळत नाही. खटके मोजणं हे शिफ्टरचं काम. म्हणून २.३ गुणिले १.७, पुन्हा ३.९१. चपखल. मात्र माउंटनचा १०-स्पीड डिरेलर घेतलात तर फसलात, कारण तिथे गुणक १.२ झाला. म्हणजे या जुन्या रोड शिफ्टरला माउंटनचा नऊचा चालतो आणि दहाचा चालत नाही. आकड्यावरून अंदाज बांधणाऱ्याला हे शेवटपर्यंत पटत नाही.

परक्यांची सोयरीक

या गुणाकाराच्या जोरावर काही लोकांनी अगदी अजब जोड्या जमवल्या आहेत. माझी आवडती: कॅम्पाग्नोलोचे १०-स्पीड शिफ्टर आणि बाकी सगळं शिमानोचं, ८-स्पीडचं. ते शिफ्टर ओढतात २.८ मिमी. गुणिले १.७ म्हणजे ४.७६. शिमानोच्या ८-स्पीड कॅसेटचं अंतर ४.८. इटलीचा दहाचा शिफ्टर जपानच्या आठाच्या कॅसेटवर सुरळीत चालतो, दोन खटके रिकामे राहतात इतकंच. ज्यांना कॅम्पाग्नोलोच्या शिफ्टरची पकड आवडते पण मागे मोठी चकती आणि टिकाऊ जाड चेन हवी असते, त्यांनी ही जोडी वर्षानुवर्षं वापरली आहे.

गुणाकार जमत नसेल तर दोन पळवाटा उरतात. एक जुगाडाची: डिरेलरवर केबल ज्या बोल्टखाली दाबतात तिथे ती ठरलेल्या बाजूऐवजी दुसऱ्या बाजूने घ्यायची. तरफेची भुजा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने बदलते आणि गुणकही किंचित बदलतो. काही जोड्यांत एवढ्याने काम भागतं. दुसरी वाट म्हणजे मध्ये एक छोटी कप्पी बसवायची. तिच्यावर दोन वेगवेगळ्या व्यासांच्या खोबणी असतात. एकीवर शिफ्टरकडून केबल येते, दुसरीवरून डिरेलरकडे जाते. व्यासांच्या प्रमाणात ओढ वाढते किंवा घटते. वुल्फ टूथची टॅनपॅन आणि जेटेकची शिफ्टमेट ही अशीच उपकरणं. चालतात चांगली. पण केबलला आणखी एक वळण, मळ साचायला आणखी एक जागा. आहे त्या सामानाने प्रश्न सुटत असेल तर मी कप्पीच्या वाटेला जात नाही.

एक बारीक गोष्ट मात्र ऐन वेळी अडवते. कॅम्पाग्नोलोच्या केबलचं डोकं शिमानो-स्रॅमच्या केबलपेक्षा लहान असतं. सगळं गणित जमवून बसावं आणि केबलचं डोकं शिफ्टरच्या खाचेत शिरू नये, यासारखा वैताग नाही.

गंमत म्हणजे शिमानोलाच हा गुंता उशिरा का होईना टोचला असावा. २०२३ मध्ये आलेल्या क्यूज या मालिकेत ९, १० आणि ११ स्पीडला एकच केबल-ओढ आणि चकत्यांमध्ये एकच अंतर आहे. तिथे दहा हे नऊहून फक्त एकाने जास्त आहेत, बाकी काही नाही. हे शहाणपण मला मनापासून आवडलं. फक्त ते मालिकेच्या आतच आहे. जुन्या सामानाशी तिचं जुळत नाही.

कॅसेट, फ्रीहब आणि एक हरवलेली कडी

कॅसेट निवडताना कंपनीला फार महत्त्व देऊ नका. ११-स्पीडमध्ये शिमानो, स्रॅम आणि कॅम्पाग्नोलो यांच्या चकत्यांमधली अंतरं इतकी जवळची आहेत की एकाचं चाक दुसऱ्याच्या सायकलवर घालून लोक शर्यती पुऱ्या करतात. वेगवेगळे स्पीड मिसळले तरी गोष्ट तिथल्या तिथे मोडत नाही, पण कुरकुर सुरू होते. ११ चे शिफ्टर आणि डिरेलर, मागे १० ची कॅसेट: गुणाकार येतो ३.७८, हवेत ३.९५. नऊ खटक्यांत दीड मिमी साचतो. मधल्या चकतीवर अचूक जुळवलं तर दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मिमी चुकतं. घरी पोचण्यापुरतं ठीक.

कॅसेट ज्या नळीवर सरकवतात ती फ्रीहब. इथे प्रश्न खाचांचा आणि लांबीचा. शिमानोच्या नेहमीच्या खाचांवर स्रॅमच्याही पुष्कळ कॅसेट बसतात. कॅम्पाग्नोलोच्या खाचा वेगळ्या. तिथे फ्रीहबच बदलावा लागतो. शिमानोच्या नेहमीच्या फ्रीहबवर ११ दातांहून लहान चकती बसत नाही, म्हणून १० दातांपासून सुरू होणाऱ्या स्रॅमच्या रोड कॅसेटसाठी एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो.

लांबीचा किस्सा माझ्यावर गुदरलेला. रोडच्या ११-स्पीडसाठी शिमानोने फ्रीहब १.८५ मिमीने लांबवला. अशा नव्या चाकावर मी जुनी १०-स्पीड कॅसेट चढवली, कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग आवळली, हाताला घट्ट लागली, निघालो. पहिल्याच चढावर मागून टकटक. हँगर तपासला, केबल तपासली, चेनची प्रत्येक कडी वाकवून पाहिली. शेवटी कॅसेट बोटांनी धरून हलवली तर ती सरळ डुलली. लॉकरिंग कॅसेटवर आवळली गेलीच नव्हती; ती फ्रीहबच्या तोंडावर टेकून घट्ट झाली होती आणि कॅसेट मागे मोकळी खेळत होती. इलाज म्हणजे १.८५ मिमी जाडीची एक साधी कडी, कॅसेटच्या आधी घालायची. ती चाकासोबत आली होती. कुठल्या पिशवीतून कचऱ्यात गेली देव जाणे. उलट दिशेने मात्र पळवाट नाही: ११-स्पीडची नेहमीची रोड कॅसेट जुन्या आखूड फ्रीहबवर मावत नाही. अपवाद शिमानोच्या ११-३४ सारख्या मोठ्या कॅसेटचा. त्यांची सर्वांत मोठी चकती स्पोकच्या अंगाला बाहेर झुकलेली असते, त्यामुळे त्या १० च्या फ्रीहबवर मावतात आणि ११ च्या रोड फ्रीहबवर मात्र त्यांनाच ती कडी लागते.

चेनबद्दल थोडक्यात. चेन कॅसेटच्या आकड्याची घ्यावी. दोन पिनांमधलं अंतर सगळ्यांचं १२.७ मिमीच, आतली रुंदीही ९ पासून पुढे जवळपास सारखी. बदलते ती बाहेरची जाडी: ८-स्पीडची ७ मिमीच्या आसपास, ११-स्पीडची साडेपाचच्या. जाड चेन दाट कॅसेटवर घातली की शेजारच्या चकतीला घासते. कंपनी कुठलीही चालते. याला ठळक अपवाद स्रॅमच्या १२-स्पीड रोडच्या सपाट पाठीच्या चेनचा. तिचे रोलरच मोठे आहेत, त्यामुळे ती आणि तिच्या चकत्या हा एक बंद संसार आहे. बाहेरच्या कुणाला तिथे जागा नाही.

पिंजऱ्याची लांबी

खटके जुळले तरी दुसरा प्रश्न उरतोच: या डिरेलरला एवढी चेन सांभाळता येईल का? पुढे ५० आणि ३४ दात, मागे ११ ते ३४. पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. डिरेलरच्या माहितीपत्रकात ‘एकूण क्षमता’ म्हणून हाच आकडा दिलेला असतो. १०५ आर७००० चा डिरेलर उदाहरण म्हणून बघा. आखूड पिंजऱ्याची क्षमता ३५ आणि मोठी चकती ३० पर्यंत. लांब पिंजऱ्याची ३९ आणि ३४ पर्यंत. नाव एकच, क्षमता दोन.

कंपन्या हे आकडे सांभाळून लिहितात, त्यापुढे दोन दात लोक सर्रास ढकलतात. त्याला माझी हरकत नाही. पण ढकलताना चेन आखूड ठेवू नका. ती आखूड असेल आणि डोंगरात दमल्यावर चुकून पुढे मोठी, मागेही मोठी चकती पडली, तर चेनला जायला जागा उरत नाही. मग ती डिरेलर खेचते, हँगर तुटतो, आणि कधी कधी डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. चेन लांब राहिली तर मात्र लहान-लहान जोडीवर ती नुसती लोंबते. लोंबलेली परवडली.

पुढची बाजू

पुढे दोनच चकत्या, त्यामुळे सहनशक्ती जास्त. १० चा क्रँक ११ च्या चेनखाली साधारणपणे चालून जातो. चेन पडताना एखाद्या वेळी घुटमळते इतकंच. क्रँकचा खरा प्रश्न ग्रुपसेटशी नसून फ्रेमशी असतो: शिमानोचा आस २४ मिमीचा, स्रॅमच्या डब नावाच्या क्रँकचा २८.९९, त्याला साजेसं बॉटम ब्रॅकेट (आस फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग) घेतलं की मिटलं.

पुढचा डिरेलर आणि डावा शिफ्टर मात्र एकाच पिढीतले असू द्या. शिमानोने ११-स्पीडला, आणि टियाग्रा ४७०० लाही, पुढची ओढ बदलली आहे. ग्रॅव्हलसाठीच्या, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच्या, शिमानोच्या जीआरएक्स मालिकेचा क्रँक घ्यायचा झाला तर आणखी एक भानगड: त्याच्या चकत्या रोडपेक्षा अडीच मिमी बाहेर असतात, म्हणून पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. मागच्याला त्याचं सोयरसुतक नाही.

ब्रेकची चूक

आत्तापर्यंतच्या चुका कटकटीच्या. ब्रेकची चूक दातांवर बेतते, म्हणून इथे मी जुगाडाच्या बाजूने बोलणार नाही.

केबलच्या ब्रेकमध्येही तोच खेळ: लिव्हर किती केबल ओढतो आणि कॅलिपर, म्हणजे पॅड आवळणारा चिमटा, तिचं काय करतो. शिमानोने ५७०० च्या पिढीपासून लिव्हरची ओढ वाढवली आणि कॅलिपरची भुजा त्याला साजेशी लांब केली. नवा लिव्हर आणि जुना कॅलिपर एकत्र आले की बोटांना ब्रेक टणक लागतो आणि सायकल मात्र उशिरा थांबते. टणक ब्रेक म्हणजे जोरदार ब्रेक, हा समज इथे घात करतो. जुना लिव्हर आणि नवा कॅलिपर घेतला तर उलट होतं: ब्रेक मऊ लागतो, लिव्हर हँडलबारच्या जवळ येतो आणि पॅड झिजले की त्याला टेकतोही. रोडच्या लिव्हरला माउंटनचा व्ही-ब्रेक जोडणं त्याहून वाईट. त्याला कितीतरी जास्त केबल लागते, आणि लिव्हर हँडलबारला भिडला तरी पॅड रिमला धड आवळत नाहीत. केबलच्या डिस्क कॅलिपरमध्येही रोडचे वेगळे आणि माउंटनचे वेगळे असतात, घेताना विचारा.

तेलाच्या ब्रेकमध्ये लिव्हर आणि कॅलिपर एकाच घरातले ठेवा. शिमानो आणि कॅम्पाग्नोलो खनिज तेल वापरतात. स्रॅमचे रोड ब्रेक डॉट नावाच्या वेगळ्या द्रवावर चालत आले आहेत. दोन्ही द्रवांसाठी रबरी सील वेगळ्या प्रकारचे असतात. एकाचा द्रव दुसऱ्यात गेला की सील फुगतात, विरघळल्यासारखे होतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. उरलेलं तेल चालेल का, असा विचारही करू नका. रोटरचं, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीचं, एवढं सोवळं नाही. व्यास आणि बसवण्याची पद्धत जुळली की कंपनी बदलली तरी चालतं.

तारेवर आणि तारेविना

विजेवरच्या गिअरमध्ये केबल गेली, तसा गुणाकारही गेला. शिफ्टर नुसतं बटण उरलं. किती सरकायचं हे डिरेलरमधल्या मोटरला माहीत. म्हणजे आता काहीही कशालाही जोडता यायला हवं. झालं उलटंच. पूर्वी अडवणारा मिलिमीटर होता, आता अडवते ती संदेशाची भाषा, आणि भाषेवर मालकी कंपनीची. शिमानोचं बटण स्रॅमच्या डिरेलरशी बोलत नाही. घरच्या घरातही पिढ्या बोलत नाहीत: शिमानोचे २०२१ चे १२-स्पीड डीआयटू (त्यांच्या विजेवरच्या गिअरचं नाव) शिफ्टर आधीच्या ११-स्पीड डिरेलरला ओळखत नाहीत, आणि स्रॅमचं पहिलं बिनतारी ११-स्पीड ईटॅप त्यांच्याच नंतरच्या एएक्सएसला. फूटपट्टी आणि पाना घेऊन बसणाऱ्याला इथे करण्यासारखं काही उरत नाही, याची मला चुटपुट आहे.

पण एका कुटुंबात शिरलात की मोकळीक मोठी. स्रॅमच्या एएक्सएसमध्ये रोडचा शिफ्टर आणि माउंटनचा ईगल डिरेलर बिनतारी जोडता येतो, आणि वळणदार हँडलबारच्या सायकलला मागे ५० दातांची चकती लावता येते. केबलच्या काळात याला कप्प्या आणि जुगाड लागायचे.

खणातला तिसरा

आता तो रंग उडालेला डिरेलर बसवू. आधी मागे कोरलेला क्रमांक वाचा; आरडी अक्षरांपुढे मालिकेचा नंबर असतो आणि जवळच पिंजऱ्याची खूण: एसएस म्हणजे आखूड, जीएस मध्यम, एसजीएस लांब. हा एसजीएस निघाला. मग तो हातात धरून मोकळा सोडा आणि स्प्रिंग त्याला कुठे नेते ते बघा. बाहेर, लहान चकतीकडे गेला तर हवा तोच. शिमानोने त्या काळात माउंटनसाठी काही उलट्या स्प्रिंगचे डिरेलर काढले होते, जे सोडले की मोठ्या चकतीकडे धावतात. तसला निघाला तर शिफ्टरचे खटके उलटे चालतील आणि डोकं फिरेल.

जुनी चेन पुन्हा वापरू नका, पिंजरा लांब आहे. नवी चेन पुढे ५० आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलरमध्ये न ओवता गुंडाळा, आणि जिथे टोकं जुळतात त्याच्या पुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी ठेवून तोडा. बाहेरचा आणि आतला अडसर-स्क्रू, म्हणजे डिरेलरला टोकाच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणारे स्क्रू, केबल जोडण्याआधी लावून घ्या. मग क्रँक हाताने फिरवत एकेक खटका: ११, १२, १३, थेट २८ पर्यंत. २८ वर चेन असताना पुढे ५० टाका, अजून हातानेच, सावकाश, आणि पिंजरा ताणून आडवा होत नाही ना ते बघा.

एक खोट दिसेल. हा डिरेलर मोठ्या कॅसेटसाठी आखलेला, त्यामुळे ११-२८ वर त्याची वरची फिरकी लहान चकत्यांपासून जरा लांब राहते आणि तिथले गिअर किंचित आळसात पडतात. हे अंतर ठरवणारा बी-स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल केल्यावर बराच फरक पडतो. नाहीतर १०-स्पीडचीच ११-३४ कॅसेट घ्या आणि चेन त्या मानाने लांब ठेवा. बेरीज ३९ येते, याची क्षमता ४५ आहे.